ऊसतोडीच्या गावातली शाळा: मुलांच्या मनासाठी छोट्या संस्थेने वर्षभर काय करावं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. काही मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, घर पुन्हा भरेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो.

अशा गावांत काम करणाऱ्या संस्था वह्या देतात, दप्तरं देतात, स्वेटर देतात. त्याचा उपयोग होतोच. पण चौथीतला मुलगा दिवसदिवस तोंड उघडत नाही, सातवीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते आणि खिचडी झाली की निघून जाते, तिथे वही काही करू शकत नाही. तिथे लागतं एक ओळखीचं मोठं माणूस, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येणारं आणि पुढच्या आठवड्यातही येणारं. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे. एका दिवसाचं समुपदेशन शिबिर किंवा पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसं देऊन उरकलेली चित्रकला स्पर्धा याने मुलाच्या मनाला आधार मिळतो, असं मला वाटत नाही. ज्याची माणसं दरवर्षी निघून जातात, त्याला आपण आणखी एक येऊन गेलेला माणूस दाखवतो, एवढंच.

आधी ठरवा: दुर्लक्ष कशाला म्हणायचं

आई-बाप ऊस तोडायला गेले म्हणून मूल दुर्लक्षित, असा शिक्का मारू नका. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांकडून हे सहज होतं आणि गाव ते विसरत नाही. कामासाठी मुलांचे तीन गट मनात ठेवा. पहिला, ज्यांचे आई-बाप लांब आहेत पण घरी सांभाळणारं धड माणूस आहे. या मुलांना विरह आहे. त्यांना बोलायला जागा मिळाली तरी बरंच भागतं. दुसरा, ज्यांच्याकडे बघायला घरात कुणी उरलेलंच नाही: आजीला दिसत नाही, चुलता पितो, किंवा तेरा वर्षांची बहीणच घर चालवते. इथे मनाच्या कामाबरोबर घराची घडी बसवावी लागते. तिसरा गट मारहाण, उपासमार, लैंगिक त्रास किंवा लग्न लावून देण्याची तयारी यांचा. तो संस्थेने एकटीने हाताळायचा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ अशी व्याख्या आहे आणि त्यासाठी जिल्ह्यात बालकल्याण समिती असते.

हे गट संस्थेच्या डोक्यात राहू द्या. शाळेच्या फलकावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा देणगीदारांच्या पत्रकात ते जाता कामा नयेत.

एप्रिल-मे: माणूस शोधा, दोन वर्षांचे पैसे बाजूला काढा

सुरुवात एक किंवा दोन शाळांपासून करा. दहा शाळांत महिन्यातून एकदा जाण्यापेक्षा एका शाळेत आठवड्यातून दोनदा जा. दोन वर्षांच्या मानधनाची आणि प्रवासखर्चाची तजवीज झाल्याशिवाय शाळेत पाऊल टाकू नका. सहा महिन्यांनी निधी संपला म्हणून संस्थेकडून मुलांत येऊन बसणारी ताई यायची बंद झाली, तर काहीच न केलेलं परवडलं असं होतं.

ताई कोण असावी? मानसशास्त्राची पदवी असलेली व्यक्ती तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही आणि मिळाली तरी गावात टिकत नाही. पण अडून राहायचं कारण नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, बिगर-तज्ज्ञ व्यक्तीने काम केलं, काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवलं. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. मला यातून शिक्षकांची नालायकी दिसत नाही. ज्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम, खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं आहे, त्यांच्यावर हेही टाकलं की ते होत नाही. शिवाय गणित चुकलं म्हणून रागावणाऱ्याच माणसाजवळ मन मोकळं करणं मुलाला जड जातं.

म्हणून पंचक्रोशीतलीच, बारावी किंवा पदवी झालेली, मुलांत रमणारी, ऐकून घेणारी व्यक्ती निवडा. ऊसतोडीच्याच घरातली असेल तर उत्तम. मुलाखतीत भाषण करायला लावू नका. तिला अर्धा तास मुलांमध्ये बसवा आणि ती किती बोलते ते बघा. कमी बोलणारी घ्या.

जून: कागद

कागद कंटाळवाणे असतात, पण पुढे अडचण आली की तेच वाचवतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लेखी परवानगीपत्र घ्या, केंद्रप्रमुखांना भेटा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, म्हणजे गावाची संमती तिथेच मिळते. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करा, संस्थेच्या अध्यक्षांचीही. बालसंरक्षणाचे नियम एका पानावर साध्या मराठीत लिहा. मुलाशी एकट्याने बोलायचं तर दार उघडं आणि कुणाला तरी दिसेल अशा जागी. मुलाला आपल्या गाडीवर बसवून न्यायचं नाही. फोटो नाही. मुलाचा मोबाइल नंबर घ्यायचा नाही. हे पान मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि ताईच्या पिशवीत असू द्या.

वेळापत्रकात जागा कुठून आणायची, हा प्रश्न लगेच येतो. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शासनाने ‘आनंददायी शनिवार’ सुरू केलेला आहे. शनिवारी शाळा सकाळची असते आणि त्या दिवशी अभ्यासाबाहेरचे उपक्रम अपेक्षित असतात. गुरुजींनाही काहीतरी हवंच असतं. पूर्ण वर्गाचा तास तिथे घ्या आणि छोट्या गटासाठी आठवड्यातला आणखी एक दिवस मागा.

जुलै-ऑगस्ट: फक्त बघा

पहिला दीड महिना ताईने कुणाचीही ‘समस्या’ शोधायची नाही. परिपाठाला हजर राहायचं, खिचडीच्या वेळी मुलांच्या पंगतीत बसायचं, खेळायचं, नावं पाठ करायची. शंभर मुलांची नावं बिनचूक येणं हे या कामातलं पहिलं कौशल्य आहे.

त्याच काळात गुरुजींच्या परवानगीने मागच्या वर्षीचा हजेरीपट वाचा. कोणाची हजेरी दिवाळीनंतर एकदम तुटते? कोण दर सोमवारी गैरहजर असतं? कोणत्या दोन भावंडांची गैरहजेरी आलटून-पालटून पडते? त्या घरात बहुधा एखादं तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असतं आणि आळीपाळीने कुणीतरी घरी थांबतं.

वर्गात बघायचं ते असं: शाळा उघडायच्या खूप आधी येऊन बसणारं आणि सुटल्यावरही न जाणारं मूल. खिचडी डब्यात भरून नेणारं. दुपारी गाढ झोपणारं. ओळख नसताना पहिल्याच दिवशी गळ्यात पडणारं, आणि उलट, हात लावला की अंग चोरणारं. चूक झाली की रडण्याऐवजी हसणारं. वर्गातलं सगळ्यात ‘शहाणं’, कधीच काही न मागणारं मूलही या यादीत ठेवा. दंगेखोर मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, या शहाण्याकडे कुणाचंच जात नाही. यातली एखादी खूण दिसली म्हणजे दुर्लक्ष झालंच असं नसतं. दोन-तीन खुणा अनेक आठवडे टिकल्या तर नोंद करा.

एक गोष्ट फार वेळा राहून जाते. ‘लक्ष देत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्याला ऐकू कमी येत असेल, फळा दिसत नसेल, किंवा अंगात रक्तच नसेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी तुमच्या यादीतली मुलं हजर राहतील असं बघा आणि पुढे पाठवलेली मुलं खरोखर जिल्हा रुग्णालयात पोचतात का, याचा पाठपुरावा करा. बसभाडं आणि सोबतीला माणूस नसल्यामुळे ते अडतं. तेवढं संस्था करू शकते.

तासाची घडण

शनिवारी वर्ग पूर्ण, मधल्या दिवशी सहा ते आठ मुलांचा गट. गटात फक्त ‘अडचणीतली’ मुलं घेऊ नका. निम्मी इतर घ्या. नाहीतर महिनाभरात त्या गटाला गावात नाव पडतं आणि मुलं यायची थांबतात.

गटाचा तास चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असावा. सुरुवात आणि शेवट दर वेळी हुबेहूब तेच ठेवा. गोल बसायचं, प्रत्येकाने आपलं नाव आणि ‘आज माझ्या आभाळात काय’ ते सांगायचं: ऊन, ढग, पाऊस, वीज. ‘आज काही नाही’ हेही उत्तर चालतं. मग एखादं काम: चिकणमातीची घरं, चित्र, बाहुल्यांचा खेळ, अर्धी सोडलेली गोष्ट पुढे नेणं. शेवटी एक ठरलेलं गाणं आणि ‘आता बुधवारी भेटू’. बुधवारी ताई येऊ शकणार नसेल तर ते आधी सांगायचं, आणि आयत्या वेळी अडचण आली तर मुख्याध्यापकांना फोन करून वर्गात निरोप द्यायला लावायचा. मोठ्यांना ही बारीकसारीक गोष्ट वाटते. या मुलांचा निम्मा इलाज त्यातच आहे.

साहित्यावर फार खर्च करू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, तेव्हा बिया, पानं, शिंपले, माती हीच साधनं होती आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच अंगणात आणि कुरणात गेली. मराठवाड्यातल्या गावात चिंचोके, बाभळीच्या शेंगा, उसाची चिपाडं यांना तोटा नाही. चिपाडांची बैलगाडी करता करता मुलं फडाबद्दल आपोआप बोलायला लागतात. तुम्ही विचारू नका. हात कामात असू द्या आणि ऐका.

मोठ्या मुलांसाठी, सहावीच्या पुढे, बोलक्या पेटीचा, म्हणजे मनातलं चिठ्ठीवर लिहून टाकायच्या पेटीचा, उपयोग होतो. नालंदाच्या शाळांतही अशी पेटी होती. चिठ्ठीवर नाव टाकायची सक्ती नाही. पेटी ठरलेल्या दिवशी ताईने आणि एका शिक्षिकेने मिळून उघडायची आणि सार्वजनिक अडचणींची (नळाला पाणी नाही, मोठी मुलं मारतात) उत्तरं पुढच्या शनिवारी वर्गात द्यायची. उत्तर मिळालं नाही तर तिसऱ्या आठवड्यात पेटीत फक्त गोळ्यांचे कागद सापडतात.

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस

वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे, आणि बहुतेक संस्था नेमक्या याच वेळी सहामाही परीक्षा आणि सुट्टी बघून थांबतात.

आई-बाप कधी जाणार, हे मुलाला बहुधा सांगितलेलं नसतं. ‘रडेल’ म्हणून पहाटे मूल झोपेत असतानाच गाडी निघते. सकाळी उठल्यावर घर रिकामं. हे एवढं जरी बदललं तरी पुढचे महिने सुसह्य होतात. म्हणून घरी जा. आईला भेटा, तेही संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी. उपदेश नको. असं बोलता येतं: ‘मावशी, जायच्या आधी पोराला तुमच्या तोंडून सांगा. कुठं चाललो, कोणाबरोबर चाललो, पट्टा पडल्यावर येणार. रडू द्या त्याला. रडून झालं की ते धरून राहतंय.’ जाणारी आई आपलं एखादं जुनं लुगडं किंवा ओढणी मुलाच्या अंथरुणात ठेवून गेली तर लहान मुलांना त्याचा आधार होतो.

याच भेटीत बाकीचं उरका. फोन कधी लागतो, कुणाच्या मोबाइलवर, कोणत्या वारी, हे ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद आजीच्या घरात भिंतीला चिकटवा. गट आणि एकट्याशी बोलणं यासाठी पालकांची लेखी संमती याच वेळी घ्या. नंतर सही करायला घरात कुणी नसतं. मूल बरोबर जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखल करून घेण्याची बाजू मांडता येते. हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं आणि ते उशिरा सुरू होणं ही नेहमीची तक्रार आहे. मुलांची यादी वेळेत गेली का, ते विचारत राहा.

वर्गातही तयारी करता येते. महाराष्ट्राचा आणि बेळगाव भागाचा नकाशा मोठ्या कागदावर काढा, प्रत्येकाने आपले आई-बाप ज्या कारखान्यावर जाणार तिथे टिकली लावायची. शेजारी मार्चअखेरपर्यंतचं कॅलेंडर. ‘आई गेली’ याऐवजी ‘आई तिथे आहे आणि अमुक महिन्यात येणार आहे’ हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. तारीख मात्र पक्की लिहू नका. हंगाम लांबतो.

नोव्हेंबर ते मार्च: एकट्याने ऐकणं

या काळात काही मुलं स्वतःहून ताईजवळ येतील. बोलण्याची जागा दिसती पण न ऐकू येणारी हवी: व्हरांड्याचं टोक, झाडाखालचा पार. सुरुवातीलाच सांगा, ‘तू सांगशील ते मी वर्गात सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर तुला मदत करणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल.’ ‘कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही’ हे वचन कधीही देऊ नका.

मूल म्हणालं, ‘आईची आठवण येते’, तर ‘रडू नको, तू मोठा ना’ म्हणायचं नाही. ‘कधी जास्त येते?’ एवढंच विचारा. उत्तर बहुधा ‘रात्री’ किंवा ‘अंघोळ करताना’ असं येतं आणि तिथून काहीतरी करता येतं. मोठ्या मुलांबरोबर सोपी रीत वापरा: अडचण नेमकी काय, त्यावर काय काय करता येईल (वेडेवाकडे उपायही लिहायचे), त्यातलं या आठवड्यात कुठलं करून बघायचं. पुढच्या वेळी त्यावरच बोलायचं. सल्ला देण्याची घाई आवरा.

आजीकडे दर पंधरा दिवसांनी जा. तिचीच पाठ दुखत असते, तिलाच ऐकणारं कुणी नसतं. आजीचं मन हलकं झालं की घरातली ओरड कमी होते. वडील वारलेले आहेत, आई एकटी आहे, मूल अनाथ आहे, अशा घरांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. कागदपत्रं गोळा करण्यातच लोक हरतात. ते काम ताईचं नाही, संस्थेच्या कार्यालयाचं ठेवा.

गंभीर गोष्ट कानावर आली तर

इथे विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून क्रम आधीच पाठ असावा. मूल सांगेल तेवढं शांतपणे ऐका, तपशील उकरू नका, तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ हे म्हणा. लगेच त्याच्याच शब्दांत लिहून तारीख टाका. त्याच दिवशी संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असली तरी 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. ‘गावाची अब्रू’, ‘आपसात मिटवू’ असं सुचवणारे भेटतीलच. मुलाला पोलीस ठाण्यात फरफटत न्यावं लागत नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. अधिकाऱ्यांना याची नम्रपणे आठवण करून द्या.

मारहाण, उपासमार, मूल टाकून जाणं यासाठी 1098 ही बालकांची हेल्पलाइन आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष. 1098 ची सुरुवात 1996 साली मुंबईत झाली. आता ती शासनाकडे आहे. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना आणि 1098 ला एकाच दिवशी कळवा. बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातल्या 40 टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं गेलं. पोरीला मागे एकटं कसं ठेवायचं, ही हंगामाआधीची धास्ती त्यामागचं एक मोठं कारण आहे, त्यामुळे सुरक्षित वसतिगृहाची जागा मिळवून देणं हा लग्न थांबवण्याचाच भाग समजा. जिवाचं बरं-वाईट करून घेण्याची भाषा मुलाने केली तर त्याला एकटं सोडू नका; जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गुरुजी, ताई आणि हिशेब

शिक्षकांचं ‘प्रशिक्षण’ घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीत चहा घेत बसा. एका वेळी एकाच मुलाबद्दल बोला आणि एकच छोटी गोष्ट मागा: सकाळी आल्यावर त्याचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलाल का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हे माहीत असू द्या, पण पहिल्याच भेटीत कलम काढू नका.

ताई दिवसभर जे ऐकते ते घेऊन ती घरी जाते. दर पंधरवड्याला तिला अनुभवी माणसाजवळ तासभर बोलता आलंच पाहिजे. जवळ कुणी नसेल तर ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था किंवा विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग यांच्याशी संपर्क करून फोनवर सोय करा. या तासाचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

काम चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं? हजेरीपट, दिवाळीनंतर टिकलेली मुलं, गटात स्वतःहून बोलणाऱ्यांची संख्या, आणि वर्षातून दोनदा मुलांच्या भावना आणि वागण्याबद्दलची गुडमन यांची 25 वाक्यांची प्रश्नावली (एसडीक्यू), शिक्षकांनी भरलेली. तिच्या आकड्यावरून मुलाला आजाराचं नाव देऊ नका. देणगीदार रडक्या मुलाचा फोटो मागतील. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. चिपाडांच्या बैलगाड्यांचे फोटो पाठवा.

पट्टा पडल्यावर

आई-बाप परतले की सगळं आपोआप ठीक होतं, असं धरून चालू नका. पाच महिन्यांनी आलेल्या आईकडे लहानगं जातच नाही, आजीला चिकटतं. मोठी मुलगी चिडचिड करते, कारण घराची मालकी तिच्या हातून जाते. आईला वाटतं, पोरं परकी झाली. तिला आधीच सांगून ठेवा की असं पंधरा-वीस दिवस होईल, तेवढे दिवस जवळ बसा, ओढू नका. एप्रिलमध्ये गटाचे शेवटचे दोन-तीन तास यावरच घ्या आणि शक्य असेल तर एका तासाला पालकांना बोलवा; नकाशावरच्या टिकल्या त्यांच्याच हाताने काढायला लावा.

संस्थेला शाळा सोडायची वेळ आली तर किमान एक पूर्ण सत्र आधी मुलांना सांगा. शेवटचा दिवस ठरवून निरोप घ्या, ज्यांच्याबरोबर काम चालू आहे अशा प्रत्येक मुलाचं पुढे कोण बघणार ते अंगणवाडी सेविका, एक शिक्षिका आणि ग्राम बाल संरक्षण समिती यांच्याबरोबर बसून नावानिशी ठरवा, आणि लिहिलेल्या नोंदी कुलूपबंद ठेवा. जूनमध्ये नवीन वर्ग सुरू होईल तेव्हा ताई दिसणार नाही, हे मुलांना एप्रिलमध्येच माहीत असलं पाहिजे.